फोटोशेजारी उभं राहणारी

पडद्यावर नाव आलं तेव्हा सोराला वाटलं, नावासारखं नाव असेल. जू मालसून, वय बाहत्तर, डोळे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्या पिढीत मालसून नावाच्या बाया पैशाला पासरी होत्या, आणि सोलच्या अपगुजॉंगमधल्या सातव्या मजल्यावरच्या त्या चेहरे सुधारणाऱ्या दवाखान्यात बाहत्तरीच्या बाया येतच नसत असंही नव्हतं. पापणी डोळ्यावर लोंबायला लागली, कडेनं पाणी झिरपायला लागलं, की लेकी-सुना त्यांना हाताला धरून घेऊन येत. तेव्हा सोरानं सवयीनं आरसा पुसला, मापाची पट्टी काढून ठेवली, ओठांवर ते नेहमीचं, दात न दाखवणारं हसू आणलं आणि दार उघडलं. रिसेप्शनवरच्या मुलीच्या मागून, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पांढऱ्या सपाता फरफटत, दोरीनं बांधलेला थर्मोकोलचा खोका पोटाशी धरून तिची आई आत आली. मुलगी म्हणाली, "मावशी, ह्या आमच्या सल्लागार बान मॅडम. काय विचारायचंय ते अगदी मोकळेपणी विचारा हं." आईनं खोका खाली ठेवला, दोन्ही हात पोटावर घेतले आणि सोराला कमरेतून वाकून नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. सोराही वाकली. वाकताना तिला आईच्या पायमोज्याला अंगठ्यापाशी घातलेला टाका दिसला.

मुलगी गेली, दार लागलं. आता आई हसेल, काय गं घाबरलीस का म्हणेल, असं सोराला वाटलं. पण आई पेशंटच्या खुर्चीत अर्धीमुर्धी टेकली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "हितं बसून बोलतीस व्हय दिसभर." सोरा म्हणाली, फोन तरी करायचास. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सोलच्या बोलीत बोललो. फोनवर आईशी बोलताना गावची बोली तोंडात आपोआप यायची, ह्या खोलीत मात्र ती जिभेवर येईना. आईचं म्हणणं, फोन केला असता तर तू येऊ दिलं असतंस का. ते खरंच होतं. मग रीतसर नंबर लावला, शेजारच्या मास्तरणीकडून, पहाटेच्या गाडीनं आले, आणि तुझ्या हापिसात कुणाला काही बोलले नाही, काळजी करू नको. म्हणजे तो नमस्कार सोराची लाज राखायला होता. आईनं ते वाटेतच ठरवलं असणार, गाडीच्या खिडकीपाशी बसून, गावाकडच्या गोहुंगपासून इथपर्यंत. आपण आईला कधी इथं येऊ नको म्हणालो नव्हतो, हे सोरानं मनात दोनदा स्वतःला सांगितलं. म्हणावं लागलं नव्हतं, हे तिसऱ्यांदा आपसूकच कळलं.

नोव्हेंबर होता. बारावीनंतरची ती एक मोठी परीक्षा आठवड्यावर आली होती आणि परीक्षा सुटल्या सुटल्या डोळे मोठे दिसावेत म्हणून पोरींच्या पापण्यांना घडी पाडून घ्यायला आयांनी आधीच तारखा अडवून ठेवल्या होत्या. पास झालीस तर बक्षीस, नापास झालीस तर निदान हे तरी. बाहेरच्या सोफ्यावर अशा मायलेकी दिवसभर जोडीनं बसलेल्या असत, आणि सोरा त्यांना एकेक करून आत घेई. त्यांचे प्रश्न ठरलेले. सूज कधी उतरते. व्रण दिसतो का. चष्मा लावता येतो का. कळणार नाही ना कुणाला. सोराला प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुचे, पण ती थांबे, किंचित मान कलती करी, जणू ह्या पोरीच्या डोळ्यांचा ती आजच पहिल्यांदा विचार करते आहे. आणि कुणी फारच घुटमळलं तर ती आपला चेहरा पुढे करी. "मी इथंच करून घेतलंय. बघा ना जवळून." पोरी वाकून बघत. त्यांचा गरम श्वास गालाला लागे. वर्षानुवर्षं अशा किती पोरींनी तो चेहरा दुकानातल्या कापडासारखा उलटून-पालटून पाहिला होता, आणि सोराला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज आई समोर बसली होती आणि तिला आपला चेहरा कुठं ठेवावा ते कळेना.

डोळे तिनं एकोणिसाव्या वर्षी करून घेतले, सोलला आल्या आल्या. त्याला तेव्हाही कुणी काही म्हटलं नव्हतं, गावातल्या दोघीतिघींनी केले होते. जबडा मात्र नंतरचा, आणि नाक त्याच्याही नंतरचं, ह्या दवाखान्यातलं. जबड्याच्या वेळी ती दुसऱ्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी सुचवलं की तुझा जबडा जाहिरातीसाठी उत्तम आहे, फोटो लावू देत असशील तर जवळजवळ फुकटात करू. उत्तम म्हणजे मोठा, चौकोनी, बापाचा. गावात ती लहान असताना बोटीवरच्या माणसांना तिचं नाव विचारावं लागत नसे, हनुवटी बघितली की ते म्हणत, बानची पोर. तो जबडा दोन्ही बाजूंनी कापून घासून काढला. महिनाभर ती नळीनं पेज प्यायली. मग स्टेशनाच्या जिन्यापाशी, भिंतीएवढ्या काचेत, डावीकडं आधीची सोरा आणि उजवीकडं नंतरची सोरा अशी जाहिरात लागली. त्याच हिवाळ्यात बाबा छातीची तपासणी करायला सोलला आले. तिनं मुद्दाम त्यांना लांबच्या दारानं न्यायचं ठरवलं होतं, पण गर्दीनं त्यांना त्याच जिन्याकडं ढकललं. बाबा थांबले. टोपी काढली. बराच वेळ बघत राहिले, लोक त्यांना धक्के देत जात होते. शेवटी डावीकडच्या फोटोकडं बोट करून म्हणाले, "हा चांगला आलाय तुझा." आणि टोपी घालून चालायला लागले. त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच तो फोटो आवडला होता, आणि सोराला ते त्या दिवशी सहन झालं नाही, अजूनही होत नाही.

"मग सांग की," आई म्हणाली. "डोळं करून घ्यायचं म्हणलं तर काय काय असतंय?"

सोराला वाटलं, पापण्या जड झाल्या असतील, दिसत नसेल नीट. ती उठली, आईच्या समोर स्टूल ओढून बसली आणि अंगठ्यानं आईची भुवई हलकेच वर उचलली. कातडी पातळ होती, मऊ, वाऱ्यानं आणि खाऱ्या पाण्यानं बारीक चुण्या पडलेली. पापणीला घडी नव्हती, कधीच नव्हती. तो डोळा तिनं इतक्या जवळून शेवटचा कधी पाहिला होता ते तिला आठवेना, आणि मग आठवलं की स्वतःचे डोळे करून घेण्याआधी एकोणीस वर्षं ती तोच डोळा रोज सकाळी आरशात बघत होती. आई विचारत गेली आणि ती सांगत गेली. सूज दोन आठवडे, काळंनिळं त्याच्या आत जातं. नाही, खारट खायचं नाही, किमचीसुद्धा बेतानं. खाजणात शिंपल्या काढायला महिनाभर जायचं नाही, खाली वाकायचं नाही. तोंड धुता येतं, डोळे सोडून. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आई प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, शहाण्या पेशंटसारखी, आणि सोराचा आवाज खोलीत गुळगुळीत वाहत होता. आपण आईशी इतका वेळ सलग बोलल्याला वर्षं झाली असतील, असं तिच्या मनात आलं, आणि जे बोलतोय ते पाठ आहे.

मग तिनं शेवटचं विचारलं, जे सगळ्यांनाच विचारायचं असतं. "कसे हवेत डोळे?"

"तुज्यासारखं," आई म्हणाली.

हेही सोराला नवं नव्हतं. पुष्कळजणी म्हणत, मॅडम, तुमच्यासारखे करा. त्यावर हसायचं असतं आणि म्हणायचं असतं की तुमच्या चेहऱ्याला शोभतील असे करू. तिचे ओठ हसायला सुटलेही. पण आई पुढं बोलू लागली होती, खाली बघत, खोक्याच्या दोरीची गाठ चाचपत. पुढच्या महिन्यात गावच्या म्हाताऱ्यांच्या सभागृहात फोटोवाले येणार आहेत, सगळ्यांचे शेवटचे, मयताच्या वेळी मांडायचे फोटो काढून देणार, चौकटीसकट. धडधाकट असताना काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात, आणि नाही वाढलं तरी आयत्या वेळी पळापळ नको. बाबांच्या वेळी नव्हता काढलेला, बोटीच्या परवान्यावरचा मोठा करावा लागला, किती पुसट आला होता. तर आपला आधीच काढायचा. आणि तो काढायच्या आधी डोळे करून घ्यायचे. "तू त्या फोटूशेजारी उभी ऱ्हाशील तवा," आई म्हणाली, "बगणाऱ्याला कळाया पायजे, ही हिची लेक हाय. जबडा काय माजा नव्हताच. डोळं तेवडं माजं होतं."

 सोराला सुनचॉनच्या दवाखान्यातली ती तळघरातली मयताची खोली दिसत होती. पांढऱ्या शेवंतीच्या भिंतीत बाबांचा पुसट फोटो, त्याच्याशेजारी काळ्या कोटात चुलतभाऊ, कारण पोरगा नाही म्हणून पुतण्या उभा करायचा, आणि त्याच्याशेजारी काळ्या कपड्यांत, केसांना पांढरी फीत लावून, ती. माणसं येत, फोटोसमोर दोनदा डोकं टेकवत, मग ह्या दोघांना वाकून नमस्कार करत आणि शेजारच्या खोलीत तिखट रस्सा जेवायला जात. बोटीवरची म्हातारी माणसं होती ती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला सर्वांत थोरला, ज्यानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून बंदर दाखवलं होतं, तो आईपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, वहिनी, पुतण्याची बायको देखणी आहे हो, शहरातली दिसते. मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यानं विचारलं, सोराला जमलं नाही का यायला? सोरा चार हातांवर उभी होती. आईनं तिच्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "वाटंत हाय. येतीया." म्हातारा म्हणाला, पोरगी गुणाची, येईल. तिसऱ्या दिवशी तिरडी उचलेपर्यंत सोरा वाटेतच होती. त्या दिवसांत तिनं रस्सा वाढला, नमस्कार घेतले, बाबांच्या फोटोपुढची उदबत्ती विझू दिली नाही, आणि सारा वेळ ती वाटेत होती, कुठल्या तरी गाडीत, पोचत नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं ह्यावर दोघी बोलल्या नव्हत्या. सोरानं धरून ठेवलं होतं की आईला लाज वाटली. आईची लाज हे तिला समजण्यासारखं होतं, तिच्यावर रागावता येत होतं, आणि रागावलं की फोन कमी करता येत होते. आता तिनं विचारलं. विचारताना बोली गावची आली, कशी ती तिला कळलं नाही. "आये, तवा वाटंत हाय असं का म्हणलीस गं?"

आईनं दोरीवरचा हात काढला. "मग काय म्हणू? ही सोरा म्हणले असते तर समदी उठून तुज्या तोंडाकडं बगाया लागली असती. एकडाव तुज्या तोंडाकडं, एकडाव तुज्या बापाच्या फोटूकडं. शोधत बसली असती. त्येच्या म्होरं. त्यो आदीच पुसट आलेला." मग म्हणाली, "त्येला ते सोसलं नसतं. तुला तर न्हाईच."

बाहेर कुणीतरी हसलं, कॉफीत बर्फ पडल्याचा आवाज आला. सोराला कळत होतं की हे काम सोपं आहे. डॉक्टर अर्ध्या तासात उरकतील, ती स्वतः शेजारी उभी राहील, टाके बारीक पडतील. आणि आई सूज उतरल्यावर चौकटीत बसेल, बाहेरच्या सोफ्यावरच्या कुठल्याही बाईसारखे डोळे घेऊन. त्या दोघी एका घरच्या दिसणार नाहीत. एका दवाखान्यातल्या दिसतील. सोराला हो म्हणायचा पगार मिळत होता, इतक्या वर्षांत तिनं नाही म्हणून कुणाला परत पाठवलं नव्हतं, आणि आत्ता हो म्हटलं तर आई समाधानानं घरी जाईल हेही तिला दिसत होतं. "न्हाई व्हायचं, आये," ती म्हणाली. "डोळं व्हतील. तू म्हणतीस ते न्हाई व्हायचं."

आईनं जरा विचार केला. "आन् तुजं? मागारी?"

हाही नेहमीचाच प्रश्न. पूर्वीसारखं करता येतं का. त्याचं उत्तर लांबलचक असतं, त्यात बऱ्याच जर-तरच्या गोष्टी असतात. "काढलेलं हाड परत येत न्हाई," सोरा म्हणाली.

बाजारात गेल्यावर मासळी संपली असं कळावं तशी आईनं मान हलवली. रडली नाही, रुसली नाही. खोका सोराकडं सरकवला. कालवं होती, आजच खा म्हणाली, बर्फ विरघळत आलाय. मग उठता उठता, छत्री विसरू नको म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली, "मग असं कर. माज्या टायमाला तू मास्क लावून उभी ऱ्हा. सर्दी झालीया म्हणायचं. आवाज तुजाच हाय अजून. बोललीस की वळकतील."

दुपारच्या दोन भेटी दुसऱ्या एका मॅडमवर ढकलून सोरा आईला बसस्थानकावर सोडायला गेली. निघताना रिसेप्शनच्या मुलीनं विचारलं, ह्या कोण मॅडम, ओळखीच्या? सोरा म्हणाली, आई आहे माझी. मुलगी गोड हसली आणि तिनं चटकन आईकडं, मग सोराकडं बघितलं. तिची नजर काय शोधत होती ते सोराला ठाऊक होतं, तिनंच तिला चेहरे बघायला शिकवलं होतं.  स्थानकावर तिनं आईला भाताची गुंडाळी आणि उकडलेली अंडी घेऊन दिली. आई म्हणाली, अंडी कशाला, गाडीत वास येतो, आणि पिशवीत ठेवून घेतली. गाडीत चढताना तिनं सोराच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि वर चेहऱ्याकडं बघितलं, जसं रोज बघणाऱ्यानं बघावं, काही न शोधता.

आईला खिडकी मिळाली. सोरा फलाटावर उभी राहिली. वारा गार होता, हवेत धूळ होती, निम्म्या माणसांच्या तोंडावर मास्क होते. तिच्या खिशातही एक होता, दवाखान्यातल्या खोक्यातून निघताना उचललेला. आईनं सांगितलं म्हणून तिनं उचलला, का बघायचं होतं म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तो लावला. खिडकीतून आई फलाट बघत होती. आईची नजर खांबापाशी आली, तिथून टोपीवाल्या माणसावर, तिथून सोरावर, आणि सोरावरून पुढच्या बाईवर गेली. थांबली नाही. सोरानं हाक मारली. "आये!" काच बंद होती, गाडीचं इंजिन चालू झालं होतं. तिनं पुन्हा मारली, गावच्या बोलीत, पोटातून, इतक्या जोरानं की शेजारच्या दोघांनी वळून बघितलं. आई खिडकीतून स्थानकाच्या दाराकडं बघत होती. लेक गेली असं तिला वाटलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला आणि ती पिशवीतली अंडी उगाच सारखी करू लागली.

सोरानं मास्क खाली ओढला. आईनं मान वर केली आणि त्याच क्षणी तिला बघितलं. शोधावं लागलं नाही. तो घासलेला जबडा, ती पाडलेली घडी, ते दुसऱ्याचं नाक, सगळं तिला तोंडपाठ होतं. तिनं हात वर केला, मग शेजारी बसलेल्या बाईच्या दंडाला हात लावून सोराकडं बोट दाखवलं. ऐकू काही येत नव्हतं, पण ओठ वाचता येत होते. ती बघा, माजी सोरा. शेजारच्या बाईनं सोराकडं बघितलं, मग आईकडं, मग पुन्हा सोराकडं, आणि मान डोलावली. आईनं सांगितलं म्हणून तिला पटलं. सोरा हात हलवत राहिली आणि एकच गोष्ट तिच्या मनात येत राहिली, की ज्या दिवशी बोट दाखवून हे सांगावं लागणार, त्या दिवशी सांगणारी चौकटीत असेल. गाडी मागं सरकली, वळली, आणि काचेवर आभाळ आलं तरी आईचं बोट अजून तिच्याकडंच असावं असं तिला वाटलं.